दहा नंबरचा ट्रॅक

ते यंत्र टेंपोतून उतरवताना जड बाजू मी धरली होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी त्याच्याबद्दल जे वाईटसाईट बोलणार आहे, ते वाचून कुणाला वाटायला नको की हा माणूस पहिल्यापासूनच वाकड्यात होता. नव्हतो. मित्राबरोबर मी रजा टाकून मुंबईला गेलो, एका बंद पडत आलेल्या स्टुडिओच्या तिसऱ्या मजल्यावरून ते खाली आणलं, आणि नेरळपर्यंत टेंपोच्या मागे त्याच्याशेजारी बसून आलो. प्रत्येक खड्ड्याला मी त्याच्यावर हात ठेवत होतो. आमच्या लेकीला दवाखान्यातून घरी आणतानासुद्धा तुम्ही इतकं जपलं नव्हतं, असं बायको अजून ऐकवते.

मित्राचं नेरळच्या बाजारात टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. मी खालापूरकडच्या एका कंपनीत पाळीवर जातो. पण ही आमची पोटापाण्याची ओळख झाली. खरी ओळख म्हणजे तो कीबोर्ड वाजवतो आणि मी ढोलकी. अलीकडे ढोलकीबरोबर ऑक्टोपॅडही वाजवतो. आठ रबरी चौकोन असतात, त्यांवर काठीने मारलं की हवा तो आवाज निघतो. शाळेपासून आम्ही एकत्र. मी बौद्धवाडीतला, तो कुणबी आळीतला. त्याने पेटीला पहिल्यांदा हात लावला तो आमच्या विहारात आणि मी ढोलकी पहिल्यांदा बडवली ती त्यांच्या गणपतीपुढे. पुढे आमची पार्टी झाली. आम्ही दोघं, एक गाणारा, एक बँजोवाला. एप्रिलमध्ये जयंतीची गाणी, मे महिन्यात हळदी आणि लग्नं, भाद्रपदात गणपती. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आम्ही वाजवलं नाही असं गाव शोधावं लागेल.

या पार्टीत माझी एक जागा होती. स्टेजवर मी त्याच्या उजव्या हाताला बसायचो आणि लय मी द्यायचो. गाणं सुरू करायच्या आधी तो माझ्या खांद्याकडे बघायचा. तोंडाने एक-दोन-तीन म्हणायची आम्हाला कधी गरज पडली नाही. माझा डावा खांदा जरा खाली गेला की त्याची बोटं पडायची. वीसेक वर्षं हे असंच चाललं होतं, आणि मला वाटायचं की हे असंच असतं.

आता ते यंत्र. दिसायला कीबोर्डच, पण काळा, लांबलचक आणि पाट्यासारखा जड. मधोमध तळहाताएवढा हिरवट पडदा. एक पट्टी कोपऱ्यात उडालेली. स्टुडिओवाल्याने सगळं काम कंप्युटरवर घेतलं होतं, म्हणून त्याने ते काढून टाकलं. मित्राला कंप्युटर नकोच होता. मांडवात ऊन आणि धुरळा लागला की कंप्युटर मान टाकतो, हे मान टाकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्या यंत्रात शेकडो आवाज होते: बासरी, सनई, व्हायोलिनं, पितळी बाजा. पण त्याची खरी करामत वेगळीच होती. त्याच्या पोटात सिक्वेन्सर होता. म्हणजे सोळा रिकाम्या ओळी. प्रत्येक ओळीला तो ट्रॅक म्हणायचा. पहिल्या ट्रॅकवर एक वाद्य वाजवून ठेवायचं, मग ते ऐकत ऐकत दुसऱ्यावर दुसरं, मग तिसऱ्यावर तिसरं. शेवटी बटण दाबलं की सगळी वाद्यं एकदम वाजतात, आणि वाजवणारा एकटा माणूस बाजूला उभा राहून चहा पितो.

“चार मानसांचं काम एकटा करतो मी,” तो मला पहिल्याच रविवारी म्हणाला. बिचारा आनंदाने म्हणाला होता. पण चार माणसांत मीही होतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या लगेच आलं.

रविवार हा आमचा दिवस. मला सुट्टी असेल त्या रविवारी तो दुपारी दुकान बंद करून आमच्याकडे यायचा, कोरा चहा घ्यायचा, आणि ओटीवर बसून आम्ही नवीन गाणी बसवायचो. यंत्र आल्यावर तो यायचा बंद झाला. मीच त्याच्याकडे जायचो. तो डोळ्यांना चष्मा, कानांना हेडफोन लावून त्या पडद्यात डोकं घालून बसलेला असायचा. मी आलो की एक कान मोकळा करायचा. वीस वर्षांच्या दोस्तीला एक कान. त्याच्या बायकोचा जुना रेशमी पदर कापून त्याने यंत्राला झाकण शिवून घेतलं होतं, आणि दाढीच्या ब्रशाने तो पट्ट्यांमधली धूळ काढायचा. माझ्या ढोलकीची शाई उडाली होती तेव्हा हाच मला म्हणाला होता, चालतंय रे, कुणाला कळतंय.

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “सवत आली म्हना की तुमाला.”

“काय पन बोलतीस गं.”

“मंग तोंड कशाला पाडलंय? मानूस नाय ती. बटनं हायत.”

तेच तर. माणूस असता तर मी त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या, नाहीतर त्याच्यापेक्षा चांगलं वाजवून दाखवलं असतं. दुसरा ढोलकीवाला आला असता तर त्याच्या हातात खोट काढता आली असती. या यंत्राच्या नावाने बोटं मोडून काय होणार? कानामागून आलं आणि तिखट झालं. मला ते बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. दर रविवारी मी जाऊन त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसत होतो.

पहिला गेला तो बँजोवाला. त्याला कुणी काढलं नाही; त्याला पुण्याला नोकरी लागली. त्याच्या जागी मित्राने बँजोचा आवाज चौथ्या ट्रॅकवर वाजवून ठेवला आणि कुणाला काही वाटलं नाही. मला वाटलं. एक माणूस गेला आणि त्याच्या जागी खुर्चीसुद्धा रिकामी राहिली नाही, याची मला धडकी भरली. कारण त्या यंत्रात तालासाठी एक ट्रॅक ठरलेला होता. दहा नंबरचा. त्या दहाव्यावर सूर नसतात. एका पट्टीवर ढोल, दुसरीवर टाळी, तिसरीवर झांज, असे सगळे तालाचेच आवाज. बाकी ट्रॅकवर काहीही ठेवा, ताल दहावर, अशी त्या यंत्राची पद्धतच होती. मित्राने ती मला मोठ्या कौतुकाने समजावून सांगितली. मी पडद्यावरच्या त्या दहा आकड्याकडे बघत राहिलो. माझी जागा कारखान्यातच घालून दिलेली होती, आणि ती रिकामी होती.

आधी त्याने ती स्वतः भरायचा प्रयत्न केला. पट्ट्यांवर बोटांनी ढोलकी वाजवली. काय सांगू, पत्र्यावर कुणी वाटाणे ओतल्यासारखं ऐकू आलं. मी तोंडावर गंभीर भाव ठेवले, पण आतून मला इतका आनंद झाला की मी त्याच्या बायकोकडे दुसरा चहा मागितला. पुढचे तीन रविवार तो झटला. वाटाणे ते वाटाणेच राहिले. माझी झोप सुधारली.

चौथ्या रविवारी त्याने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, “मला नाय जमत. तू वाजव.”

“कशात?”

“ह्याच्यात. तुझा पॅड जोडू आपन. तू वाजव, हे लिवून घेईल.”

त्याने ते कसं चालतं ते सांगितलं. पॅडपासून यंत्रापर्यंत एक पाच पिनांची केबल जाते. तिच्यातून आवाज जात नाही. जातो तो निरोप: कुठल्या चौकोनावर मारलं, किती जोरात मारलं, कधी मारलं. एवढंच. यंत्र ते निरोप जसेच्या तसे लिहून ठेवतं आणि पुन्हा म्हणून दाखवतं. आमच्या कंपनीत दारावर अंगठा लावायचं मशीन आहे. कोण आला, कधी आला, कधी गेला एवढं त्याला कळतं. माणूस काय मनस्थितीत आला ते कळत नाही. मला वाटलं, हेही तसंच असणार.

“आनि मग मी काय करू?” मी विचारलं. इतके दिवस पोटात ठेवलेलं एकदाचं बाहेर पडलं.

“तू हायेसच की रं. हे तुझी ड्युटी आसंल तवा.”

त्याचं खोटं नव्हतं. त्या वर्षी माझी पाळी बदलून तीन कार्यक्रम माझ्यावाचून झाले होते, आणि त्याला कुठला तरी उसना ढोलकीवाला आणावा लागला होता. तो ढोलकीवाला गाण्यापेक्षा पुढे पळायचा. मित्राची अडचण खरी होती, उपायही खरा होता. पण हेवा माणसाला निम्मंच ऐकू देतो. ‘तुझी ड्युटी असेल तेव्हा’ यातलं ‘ड्युटी’ मला ऐकू आलंच नाही. मला एवढंच कळलं, की हा माझ्या हातांची नक्कल काढून घेणार आणि हात मला परत करणार. गरज सरो, वैद्य मरो.

तरी मी हो म्हणालो. का म्हणालो? नाही म्हटलं असतं तर त्याने दुसऱ्या कुणाला बसवलं असतं. दहा नंबरवर दुसऱ्याचा हात वाजतोय, या कल्पनेने मला जास्त त्रास झाला.

एका दुपारी आम्ही आठ गाणी उतरवली. यंत्र आधी टिकटिक करून लय देतं आणि मग तुम्ही त्याच्यामागे जायचं. इथे माझ्या खांद्याकडे कुणी बघत नव्हतं. मी टिकटिक ऐकत होतो. सात गाणी मी सरळ वाजवली. आठवं हळदीचं गाणं होतं. आमच्याकडे हळदीला एक ठरलेला ठेका असतो, बायका त्याच्यावर गोल करून नाचतात, कंबरेला एक झोका द्यायचा आणि पाऊल टाकायचं. हे गाणं आमच्या पार्टीचं हुकमी गाणं, आणि त्याचा ठेका म्हणजे माझं नाव.

ते वाजवायला घेतलं तेव्हा तो माझ्याकडे बघतही नव्हता. यंत्राच्या कडेवर पडलेला एक केस फुंकरीने उडवत होता. तेवढं मला पुरलं. चौथ्या आवर्तनाचा शेवटचा घुम, म्हणजे ढोलकीचा तो खालचा जड ठोका, मी उशिरा मारला. फार नाही. सरळ चूक वाटली असती तर त्याने पुन्हा वाजवायला लावलं असतं. एवढाच उशीर, की मांडवात नाचणाऱ्याचं पाऊल चुकावं आणि का चुकलं ते कळू नये. मग आठव्या आवर्तनाला तेच. बाराव्याला तेच. पूर्ण गाणंभर मी दर चौथ्या आवर्तनाला घुम मागे खेचत राहिलो, आणि चेहरा असा ठेवला की जणू डोळे मिटून तल्लीन झालोय. हिशोब सोपा होता. पहिल्याच कार्यक्रमात बायका अडखळतील, लोक कुरकुरतील, आणि याला मला फोन करावा लागेल. ड्युटी असली तरी रजा टाकून ये म्हणेल.

त्याने हेडफोनमधून पूर्ण गाणं ऐकलं. मान डोलावली. साठवायचं बटण दाबलं, झाकण घातलं, आणि मला वाडीपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने वडापाव खायला घातला.

पुढच्या शनिवारी कळंबला एका फार्महाऊसवर दुपारचा साखरपुडा होता. मी मुद्दाम ड्युटी बदलून घेतली नाही. कंपनीत फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवायच्या सुट्टीत मी धावत जाऊन बघितला. फोन नाही. संध्याकाळीही नाही. रविवारी मीच केला. म्हणाला, “चांगला झाला रं कार्यक्रम.” त्यापुढे बोलला ते सगळं जेवणाबद्दल.

दीडेक महिन्याने आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये माझ्या शेजारचा ऑपरेटर फोनवर एक व्हिडिओ बघत होता. मांडव, झेंडूची तोरणं, हिरव्या आणि पिवळ्या साड्या. गाणं ओळखीचं. ठेका ऐकला आणि मी त्याच्या फोनवर वाकलो. माझा हात होता. माझाच, काठी उचलायच्या सवयीसकट. पण आवाज ढोलकीचा नव्हता. मित्राने बटण फिरवून त्या माझ्या निरोपांना ताशाचा आवाज दिला होता. आणि दर चौथ्या आवर्तनाला तो घुम उशिरा येत होता, आणि बायका अडखळत नव्हत्या. त्या त्याची वाट बघत होत्या. कंबरेचा झोका त्या तिथे धरून ठेवायच्या, अधांतरी, आणि घुम पडला की सगळ्या एकदम पाऊल टाकायच्या. टाकताना हसायच्या.

“ह्यो लंगडा ठेका,” ऑपरेटर म्हणाला. “समद्या हळदीत ह्योच चाललाय. आमच्या भावकीत बी ह्योच पायजे म्हनतात.”

“वाजवतंय कोन?” मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

“मशीन हाय रं ती. मानूस नाय.”

मी डबा बंद केला. सांगता येत नव्हतं, आणि न सांगता राहवत नव्हतं. सांगणार तरी काय? की ती चूक माझी आहे, मी दुष्टपणाने केलेली, तिच्यावर माझा हक्क आहे? आयुष्यात मी हजारो ठेके मन लावून वाजवले, त्यांतल्या एकालाही लोकांनी नाव ठेवलं नाही. ज्याच्यात विष कालवलं त्याचं बारसं झालं.

त्या दिवसापासून मला यंत्राचा हेवा वाटायचा थांबला आणि माझ्या स्वतःच्या हाताचा वाटायला लागला. हा प्रकार त्याहून वाईट असतो. यंत्रात बसलेला तो मी दर शनिवार-रविवार मांडवात जात होता, लोक त्याच्यावर नाचत होते, आणि मी पाळी संपवून घरी येऊन आंघोळीला पाणी तापवत होतो. मी ढोलकी काढली आणि लंगडा ठेका वाजवायला बसलो. आला नाही. घुम उशिरा मारायचा म्हटलं की फार उशीर व्हायचा. आवरला की सरळ पडायचा. आठवडाभर रोज कामावरून आल्यावर मी प्रयत्न करत होतो. बायकोने ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाली, “मोबाइलात चांगला वाजतोय.”

“त्यो मीच हाय.”

“आसाल. पन त्यो तुमच्यापेक्षा बरा वाजवतोय.”

तिला सगळं खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मग तिने ते माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचवलं असतं. मी ढोलकी खुंटीला टांगली.

मे महिन्यात कोंडाण्याच्या बाजूला एका गावात सकाळची हळद आणि दुपारी लग्न होतं. मला सुट्टी होती. मित्राचा फोन आला, “येतोस ना? तुझी जागा हाय.” मी गेलो. मांडवाच्या एका बाजूला छोटं स्टेज, वर ताडपत्री, त्याच्या मध्यावर ते यंत्र. त्याच्या उजव्या हाताला माझं स्टूल आणि पॅड. मी बसलो तेव्हा त्याने माझ्यासमोर दहा नंबरचा ट्रॅक बंद केला. पडद्यावरच्या त्या आकड्याशेजारचा ठिपका विझला. बाकीची सगळी वाद्यं यंत्रातून येणार, ताल मात्र माझा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्यासारखं वाटलं.

पहिली पाच-सहा गाणी नीट गेली. पण पूर्वी लय मी द्यायचो आणि तो माझ्यामागे यायचा. आता यंत्र पुढे आणि मी मागे. माझा खांदा खाली गेला काय, न गेला काय, त्या यंत्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मी धावत होतो, आणि धावतोय हे कळू नये म्हणून हसत होतो.

मग नवरीची आत्या पुढे आली आणि म्हणाली, “आता त्यो लंगडा लावा.”

मित्राने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. गाणं सुरू झालं. तीन आवर्तनं सरळ गेली, चौथं आलं, बायकांनी झोका अधांतरी धरला, आणि मी घुम मारला. फार उशिरा. दोघीतिघींची पावलं आधीच पडली होती. आठव्याला मी घाई केली आणि तो सरळ पडला, झोका धरून ठेवलेल्या सगळ्या तशाच लटकल्या. बाराव्याला काय झालं ते मलाही सांगता येणार नाही. गोल मोडला, आणि मी काठ्या आवरल्या. बायका हसल्या, पण ते हसू वेगळं होतं. आत्या वाईट नव्हती. ती स्टेजजवळ आली, माझ्याकडे न बघता मित्राला हळूच म्हणाली, “दादा, मशीनवर लावता का जरा?”

मित्राने हात हलवला नाही. बटण त्याच्या बोटाखाली होतं, पण त्याने दाबलं नाही. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या खांद्याकडे, पूर्वीसारखा. गाणं तसंच पुढे चाललं होतं, तालाशिवाय, बासरी आणि बँजो आपल्या नादात. सगळा मांडव आमच्याकडे बघतोय असं मला वाटलं.

“लाव,” मी म्हणालो.

ठिपका पेटला. आणि यंत्रातला तो मी आला. मांडवभर मी वाजायला लागलो, आणि मी स्टुलावर काठ्या मांडीवर ठेवून बसलो. बायकांनी गोल पुन्हा धरला. चौथ्याला झोका थांबला, घुम पडला, पावलं पडली. तो गोल मी शेवटपर्यंत बघितला. उठून जाता आलं असतं तर गेलो असतो, पण स्टेजवरून उतरायला एकच पायरी होती आणि ती नाचणाऱ्यांच्या बाजूला होती.

जेवणं उरकल्यावर आम्ही सामान बांधत होतो. तो पाच पिनांची केबल गुंडाळत होता. मी म्हणालो, “तुला एक सांगायचं हाय.” आणि सांगून टाकलं. की मी मुद्दाम बिघडवलं होतं. की तुझ्या कार्यक्रमात बायका अडखळाव्यात असं मला वाटत होतं. की मला तुझ्या त्या पेटाऱ्याचा हेवा वाटत होता, अजून वाटतो.

त्याने केबल गुंडाळायची थांबवली नाही. “म्हाईत हाय,” म्हणाला.

“कवापासनं?”

“त्याच दिवशी. इकडं बघ.”

त्याने झाकण उघडलं, यंत्र चालू केलं आणि पडद्यावर आकड्यांची एक रांग आणली. यंत्राने लिहून घेतलेले निरोप. प्रत्येक फटका आपल्या जागेपासून किती मागे पडला ते आकड्यात. त्याने बोटाने चौथं आवर्तन दाखवलं: एकोणीस. आठवं: वीस. बारावं: वीस. सोळावं: एकवीस.

“चुकनारा मानूस कधी दोनावर चुकतो, कधी चाळीसावर,” तो म्हणाला. “तू गानंभर विसावर चुकलास. आसं मापात चुकायला लई मन लागतं रं.”

अंगठ्याच्या मशीनला मनस्थिती कळत नाही म्हणे. इथे माझा जळफळाट रांगेत उभा होता, नंबर घालून.

“मग सरळ का नाय केलास?”

“करनार हुतो. एक बटन हाय, दाबलं की समदे फटके आपापल्या जागी जाऊन बसतात.” त्याने ते बटण दाखवलं. त्या बटणावरची छापलेली अक्षरं शाबूत होती. बाकीच्यांवरची त्याच्या बोटांनी पुसट झाली होती. “पन म्हनलं, तू काय दर कार्यक्रमाला येत नायस. तुझा राग तरी यील संगं. तेवढीच सोबत.”

माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे मांडव आले जिथे मी नव्हतो: कळंबचा साखरपुडा आणि त्यानंतरच्या किती तरी हळदी. तिथे तो एकटाच उभा राहून दर चौथ्या आवर्तनाला माझा खुनशीपणा ऐकत होता, आणि त्याला सोबत म्हणत होता. असं मन मला का मिळालं नाही, म्हणून तिथल्या तिथे मला त्याचाही हेवा वाटला.

त्याने पुढचं एक गाणं काढलं. सगळे ट्रॅक भरलेले, दहावा रिकामा. काठ्या माझ्याकडे सरकवल्या आणि केबल पुन्हा सोडवून पॅडला लावली.

“हे अजून उतरवायचं हाय,” तो म्हणाला. “रागावलायस ना अजून?”

“हाय.”

“मग बस.”